वळिवड्याच्या बराकी

अमरावतीत रामपुरी कॅम्प नावाचा भाग आहे. महापालिकेचा झोन त्याच नावाचा, ऑटोवाल्याला तेच नाव सांगायचं, कुरियरच्या पत्त्यावरही तेच लिहायचं. शहरातच एक कंवरनगर आहे. सिंधचे गायक संत कंवरराम यांचं हे नाव. १ नोव्हेंबर १९३९ रोजी सिंधमधल्या रूक स्टेशनवर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. सिंधमध्ये मारल्या गेलेल्या माणसाचं नाव वऱ्हाडातल्या वस्तीला का, हा प्रश्न अमरावतीत शिकत असताना चार वर्षांत कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. आमच्या अचलपूरला लागून असलेलं परतवाडाही मुळात कॅम्पच, इलिचपूरची लष्करी छावणी. त्यामुळे कॅम्प म्हटलं की आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना पलटण आठवते. उखडलेली माणसं आणून ठेवली तोही कॅम्पच, हे कुणी वेगळं करून सांगत नाही.

हा विषय डोक्यात बसला तो मात्र कोल्हापूरमुळे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान मोदी वॉर्सात होते. तिथे त्यांनी नवानगरच्या जामसाहेबांच्या स्मारकाला आणि ‘कोल्हापूर स्मारका’ला फुलं वाहिली. मग आठवडाभर रील्स फिरत राहिल्या. कोल्हापूरच्या राजानं ५००० पोलिश निर्वासितांना आसरा दिला, जग दार लावून बसलं होतं तेव्हा मराठी माणसानं दार उघडलं, पाठीमागे तुतारी. रील बघून छाती फुगते हे खरं आहे. पण सॉफ्टवेअरच्या नोकरीत काही वर्षं काढली की एक सवय लागते. कुठलीही छान चालणारी गोष्ट दिसली की आधी विचारावंसं वाटतं, ही मागितली कोणी, पैसे कोणी दिले, आणि बंद पडली तर फोन कोण उचलतो? वळिवड्याच्या छावणीला हेच तीन प्रश्न विचारले, तर जी गोष्ट हाती येते ती रीलपेक्षा कितीतरी चांगली आहे. थोडी कडूही आहे.

आधी ही माणसं आली कुठून ते पाहू. १ सप्टेंबर १९३९ला जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला हे आपण शाळेत शिकतो. १७ सप्टेंबरला दुसऱ्या बाजूनं सोव्हिएत फौजा आत शिरल्या, हे सहसा शिकत नाही. पूर्व पोलंड स्टालिनच्या ताब्यात गेला. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात तिथली माणसं चार मोठ्या लाटांमध्ये मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेच्या जंगलांत पाठवली गेली. शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, पोलिसांची कुटुंबं, पकडलेल्या अधिकाऱ्यांच्या बायकामुलं. सोव्हिएत कागदपत्रांप्रमाणे हा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास आहे. पोलिश लोकांचे जुने अंदाज त्याहून कितीतरी मोठे.

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि कालचे कैदी आज मित्र झाले. ३० जुलै १९४१ला लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला. कैद्यांना ‘माफी’ मिळाली. कशाची माफी, हे कुणी सांगितलं नाही. जनरल आंदर्स यांनी त्यातून फौज उभी करायला घेतली. जिथे फौज गोळा होत होती तिथे बायका, पोरं, म्हातारे मैलोन्मैल चालत पोहोचू लागले, कारण फौजेच्या शिध्यातला तुकडा हाच जगायचा एकमेव मार्ग होता. १९४२च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये कास्पियन समुद्र ओलांडून सुमारे सव्वा लाखाच्या आतबाहेर माणसं इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यांतली साधारण एक तृतीयांश साधी नागरिक होती. टायफस, आमांश आणि उपासमारीनं त्यांतली बरीच तिथेच गेली.

आता प्रश्न आला की यांना ठेवायचं कुठे. सैनिक इराक-पॅलेस्टाइनमार्गे लढायला गेले आणि १९४४मध्ये इटलीत मॉन्टे कॅसिनोला लढले. मागे उरलेल्या बायकामुलांची वाटणी साऱ्या जगभर झाली. काही इराणातच इस्फहानला राहिली, बरीच पूर्व आफ्रिकेत टांगानिका आणि युगांडाकडे गेली, काही मेक्सिकोला. १९४४मध्ये ७३३ पोरं न्यूझीलंडला पोहोचली. आणि काही हिंदुस्थानात आली.

हिंदुस्थानात पहिली आली ती अनाथ मुलं. १९४२मध्ये अश्गाबातहून इराणच्या मशहदमार्गे ट्रकांच्या ताफ्यातून त्यांना इकडे आणलं गेलं. या कामात पोलंडची प्रसिद्ध गायिका-नटी हांका ओर्दोनुव्हना होती. मुंबईत पोलंडचे कॉन्सल जनरल बानाशिन्स्की आणि पोलिश रेडक्रॉसचं काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा यांनी धावपळ केली. मुलांना आधी वांद्र्याला ठेवलं. मग जामनगरजवळ समुद्रकाठी बालाचडीला नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांच्यासाठी वस्ती उभारली. जामसाहेब तेव्हा नरेंद्र मंडळाचे चॅन्सलर होते आणि लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळात हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून बसत होते. म्हणजे त्यांची दया खरी असली, तरी त्या दयेला वजन होतं. त्यांनी शब्द टाकला की संस्थानिक आणि उद्योगपती पोलिश मुलांच्या निधीत पैसे घालत होते. बालाचडीचं काम बऱ्यापैकी देणग्यांवर चाललं.

वळिवड्याचं गणित वेगळं होतं. कोल्हापूरपासून काही मैलांवर, पंचगंगेच्या बाजूला, रेल्वेच्या रुळांजवळ वळिवडे गावाच्या हद्दीत १९४३मध्ये मोठी छावणी उभी राहिली. तिथे अनाथ मुलंच नव्हती, कुटुंबं होती. म्हणजे कुटुंबाचं जे उरलं होतं ते: बहुतेक आया आणि त्यांची मुलं, थोडे म्हातारे. पुरुष आघाडीवर होते किंवा सायबेरियातच संपले होते. सुमारे ५००० माणसं. तेव्हाच्या वऱ्हाडातल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी वस्ती झाली की.

आता रीलमधला राजा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज २६ नोव्हेंबर १९४० रोजी वारले. १९४३मध्ये गादीवर एक तान्हं म्हणावं असं मूल होतं आणि महाराणी ताराबाईंच्या नावानं रीजन्सी कारभार पाहत होती. रीजन्सीवर इंग्रजांचा हात होताच. तेव्हा ‘कोल्हापूरच्या महाराजांनी दरवाजे उघडले’ या वाक्यातला महाराज पाळण्यात होता. जमीन कोल्हापूर संस्थानची, छावणीचा कारभार हिंदुस्थान सरकारच्या देखरेखीखाली, आतली व्यवस्था पोलिश लोकांच्याच हातात, आणि खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा, जो ते ब्रिटिश कर्जातून भागवत होतं. म्हणजे हा पाहुणचार होता, पण जेवणाचं बिल पाहुण्यांच्या खात्यावर चढत होतं. यानं कोल्हापूरचं मोठेपण कमी होतं असं मला वाटत नाही. उलट कोल्हापूरकरांचं जे खरं देणं होतं ते यामुळे नीट दिसतं. ते पैशांत नव्हतं.

छावणीत लांबच लांब बराकी होत्या. एकेका बराकीत ओळीनं बिऱ्हाडं, प्रत्येकाला खोल्या, पुढे व्हरांडा आणि स्वयंपाकाची जागा. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही स्वयंपाकाची जागा. निर्वासितांना पोसायचे ढोबळमानानं दोन मार्ग असतात. एक म्हणजे मोठं स्वयंपाकघर, घंटा, रांग, थाळी. ते स्वस्त पडतं, हिशेब सोपा राहतो, देणगीदाराला फोटो काढता येतो. दुसरा म्हणजे प्रत्येक कुटुंबाच्या हातात ठरावीक भत्ता देणं आणि त्यांनी बाजार करून आपापली चूल पेटवणं. वळिवड्याला दुसरा मार्ग होता. दोन वर्षं दुसऱ्याच्या हातच्या तुकड्यावर जगलेल्या बाईनं सकाळी उठून आज काय शिजवायचं हे स्वतः ठरवणं ही बारीक गोष्ट नाही. आज मदतसंस्था ‘रोख मदत’ म्हणून ज्याच्यावर अहवालामागून अहवाल लिहितात, ती पंचगंगेच्या काठी १९४३मध्ये रोजची बाब होती.

आणि बाजार करायचा म्हटला की गावाशी संबंध येतोच. भाजीवाले, दूधवाले, शिंपी, चांभार छावणीत येऊ लागले, दुकानं लागली. पुढे जगभर पांगलेल्या वळिवडेकर पोलिश लोकांच्या आठवणींमध्ये हे पुन्हा पुन्हा येतं की विक्रेते कामापुरतं पोलिश बोलायला शिकले आणि पोलिश बायका कामापुरतं हिंदुस्थानी. घासाघीस करता आली म्हणजे भाषा आली, हे आमच्या परतवाड्याच्या आठवडी बाजारालाही लागू आहे. छावणीत चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं होत. स्काउटची पथकं होती. आणि शाळा होत्या, बालवाडीपासून थेट मॅट्रिकच्या वरपर्यंत, सगळं शिक्षण पोलिश भाषेत, पोलंडच्या अभ्यासक्रमाप्रमाणे. प्रकृती नाजूक असलेल्या मुलांना पाचगणीला हवापालटासाठी ठेवत.

शाळांचा मुद्दा सोडून पुढे जाववत नाही. ज्या मुलांची दोन वर्षं बर्फात लाकडं ओढण्यात गेली, त्यांना आल्या आल्या वर्गात बसवलं गेलं. पुस्तकं नव्हती तिथे शिक्षकांनी आठवणीतून शिकवलं. यामागे निव्वळ माया नव्हती, राजकारणही होतं. परागंदा सरकारला आपला देश परत मिळणार याची खात्री होती, निदान तसं दाखवणं भाग होतं, आणि त्या देशात परत जायला पोलिश लिहिता-वाचता येणारी पिढी हवी होती. छावणी ही त्यांच्या लेखी तात्पुरती सोय होती. वळिवड्यात पोलंड थांबून होता, एवढंच. निर्वासितांसाठी असं सरकार पाठीशी असणं किती दुर्मीळ असतं, हे पुढच्या रहिवाशांची गोष्ट आली की कळेल.

पण त्याआधी १९४३ या सालाकडे सरळ बघायला हवं. वळिवड्यात बराकी उभ्या राहत होत्या त्याच वर्षी बंगालात दुष्काळ पडला होता. त्यात २० ते ३० लाख माणसं मेली असं मानलं जातं. एकच साम्राज्य, एकच व्हाइसरॉय, एकच रेल्वे. ५००० युरोपीय बायकामुलांसाठी धान्य, दूध, डॉक्टर आणि शाळा यांची नीट व्यवस्था झाली आणि कलकत्त्याच्या फुटपाथवर माणसं भाताच्या पेजेसाठी दारोदार ओरडत मेली. त्याच्या आदल्या वर्षी जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या तेव्हा काही लाख हिंदी माणसं चालत आसाम-बंगालकडे निघाली होती. तेव्हा गोऱ्यांसाठी बऱ्या वाटा आणि काळ्यांसाठी वाईट वाटा असा भेद झाला आणि त्यावरून इथे मोठा संताप उसळला होता.

मग पोलिश लोकांना दिलेली मदत चूक होती का? मला तसं म्हणता येत नाही. सायबेरियातून आलेल्या सात वर्षांच्या पोराचा बंगालच्या दुष्काळाशी काय संबंध? त्याला दूध नाकारलं असतं तर ते मिदनापूरला पोहोचलं नसतं. पण ‘आपण किती उदार’ ही गोष्ट सांगताना त्या उदारतेची चावी कोणाकडे होती आणि ती कोणासाठी फिरली, हेही सांगायला हवं. कोल्हापूरच्या माणसाला याबद्दल कोणी मत विचारलं नव्हतं. त्यानं मिळाली ती माणसं शेजारी म्हणून स्वीकारली. मी वर ज्याला देणं म्हणालो ते हेच.

१९४५च्या फेब्रुवारीत याल्टाला बड्या तिघांनी पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकवली. वळिवड्यातल्या बहुतेकांची गावं या सीमेच्या पलीकडे, थेट सोव्हिएत संघात गेली. युद्ध संपलं, आपली बाजू जिंकली, आणि घर दुसऱ्या देशात गेलं. ५ जुलै १९४५ला ब्रिटननं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्साच्या नव्या, मॉस्कोच्या कलानं चालणाऱ्या सरकारला दिली. म्हणजे छावणीचा खर्च ज्याच्या नावावर होता तो मालकच एका सहीनं अस्तित्वातून गेला. ब्रिटिश ट्रेझरीनं तात्पुरती समिती नेमली, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या ‘अन्रा’ या मदतसंस्थेनं जबाबदारी घेतली, तिच्यामागून इंटरनॅशनल रेफ्युजी ऑर्गनायझेशन आली. आमच्या धंद्यात एखादी कंपनी विकली गेली की ग्राहकांना मेल येतो, ‘तुमच्या सेवेत काहीही बदल होणार नाही’. तेव्हाही साधारण तसंच चाललं होतं, आणि बदल अर्थातच झाले. नव्या संस्थांचा पहिला प्रश्न असे की परत केव्हा जाता?

काही परत गेले. बहुतेकांना स्टालिनच्या हद्दीजवळही जायचं नव्हतं. ज्यांचे नवरे, बाप, भाऊ आंदर्सच्या फौजेत होते त्यांना ब्रिटनचा रस्ता मोकळा झाला, १९४७मध्ये तिथे पोलिश पुनर्वसनाचा कायदाच झाला. बाकीचे आफ्रिका, लेबनॉन, ऑस्ट्रेलिया असे मिळेल तिकडे गेले. बालाचडी १९४६मध्ये बंद झाल्यावर तिथली उरलेली मुलं वळिवड्यातच आली होती, तीही पांगली. १९४८च्या सुरुवातीपर्यंत बराकी रिकाम्या झाल्या. काही माणसं कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत कायमची राहिली. शहरात महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. कोल्हापूरला जाणारे पांढरा रस्सा खाऊन परत येतात, तो बघायला पंधरा मिनिटं लागतात.

इथे एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही, कारण तो इंजिनिअर होता. मॉरिस फ्रिडमन, पोलंडचा ज्यू, विजेच्या कामातला तज्ज्ञ. तो १९३०च्या दशकात म्हैसूर संस्थानात नोकरीला आला आणि इथलाच झाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांनी १९३९मध्ये आपल्या संस्थानाला ग्रामस्वराज्याची राज्यघटना दिली, त्यामागे गांधींबरोबर फ्रिडमनचंही डोकं होतं. त्याची मैत्रीण वांदा दिनोव्स्का, जी इथे उमादेवी म्हणून ओळखली जाई, छावणीतल्या पोलिश तरुणांना हिंदुस्थान म्हणजे काय हे समजावून सांगण्याच्या खटपटीत होती. दोघांनी मिळून भारतीय ग्रंथांची पोलिशमध्ये भाषांतरं काढली. पुढे तिबेटी निर्वासित आले तेव्हा दोघंही पुन्हा त्याच कामाला लागले. उमादेवी १९७१मध्ये म्हैसूरला वारल्या. फ्रिडमननं मुंबईतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत आणली. ते पुस्तक १९७३मध्ये निघालं आणि त्यानं महाराजांना जगभर नेलं. सातारा जिल्ह्याचा, मराठीचा आणि पोलंडचा असा संबंध एका वायरमनछाप माणसानं जोडला, याचा मला उगीचच अभिमान वाटतो.

बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल उसळली आणि तोवर घर धरून राहिलेले सिंधी हिंदू जहाजांत बसले. मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी जिथे रिकामी छावणी दिसेल तिथे जागा केली गेली. सगळ्यात मोठी कल्याणजवळची लष्करी छावणी. तिथे लाखाच्या घरात माणसं आली आणि ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. देवळाली, पिंपरी, नगर जिल्ह्यातलं विसापूर अशी बाकीची नावं. आणि वळिवडे. वळिवड्याच्या छावणीचं गांधीनगर झालं.

हाच या गोष्टीचा मला अस्वस्थ करणारा भाग आहे. काही महिन्यांच्या अंतरानं त्याच बराकींत दुसरी माणसं आली. तीही घरदार सोडून, तीही बायकामुलांसह, तीही परत जाता न येणारी. पण आंतरराष्ट्रीय कागदांवर पहिली माणसं ‘रेफ्युजी’ होती आणि दुसरी नव्हती. इंटरनॅशनल रेफ्युजी ऑर्गनायझेशन ही युरोपच्या युद्धातून उखडलेल्यांसाठी होती. १९५१चा निर्वासितांचा करार झाला तोही १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता, आणि सही करणाऱ्या देशाला हवं तर फक्त युरोपातल्या घटनांपुरता. शिवाय निर्वासित ठरायला माणूस आपल्या देशाबाहेर असावा लागतो. सिंधी तर भारताचे नागरिक होते, म्हणजे कागदावर ते आपल्याच देशात आले होते. एका देशातून एक कोटीहून अधिक माणसं दोन्ही दिशांनी उखडली गेली आणि जगाच्या व्याख्येत त्यांतलं कोणीही बसलं नाही. भारतानं त्या करारावर आजवर सही केलेली नाही. त्याची कारणं अनेक सांगतात, पण व्याख्या लिहिणाऱ्यांना तेव्हा आपण दिसलो नव्हतो हेही त्यांतलं एक आहे.

व्याख्येत न बसण्याचे परिणाम व्यवहारात दिसले. सिंध्यांना कोणी कॉन्सल नव्हता, लंडनमध्ये सरकार नव्हतं, त्यांच्या भाषेचा प्रांतही आता नव्हता. पंजाब्यांना निदान अर्धा पंजाब मिळाला, बंगाल्यांना अर्धा बंगाल. सिंध अख्खा पलीकडे राहिला. इथल्या सरकारनं छप्पर दिलं, रेशन दिलं आणि लवकरच धडधाकट माणसाचं फुकट रेशन थांबवायचं धोरण घेतलं. त्याऐवजी कर्ज, छोट्या धंद्याला पैसे, प्रशिक्षण. मग १९५०मध्ये दाव्यांचा कायदा आला आणि १९५४मध्ये नुकसानभरपाईचा. पलीकडे काय काय सोडून आलात ते लिहून द्या, पुरावा द्या, अधिकारी तपासतील, मग ठरेल. भरपाई पूर्ण नव्हती. दावा जितका मोठा तितकी टक्केवारी कमी अशी चढती-उतरती पट्टी होती. ही पट्टी न्याय्य होती असं मला वाटतं. पण ज्याचं तिकडे काहीच नव्हतं, जो हैदराबाद-सिंधमध्ये भाड्याच्या खोलीत राहून दुसऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहीत होता, त्याच्याकडे लिहून द्यायला काही नव्हतं. त्याचं नुकसान कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

पोलिश छावणीत मदत म्हणजे शाळा, भत्ता, दवाखाना आणि परत जाण्याची तयारी. सिंधी छावणीत मदत म्हणजे इथेच उभे राहा, लवकर राहा. दुसरं कठोर होतं, पण त्यात एक गोष्ट होती जी पोलिश लोकांना कधी मिळाली नाही. सिंध्यांना जायला कोणी सांगत नव्हतं. आज गांधीनगर ही कापडाची आणि तयार कपड्यांची नावाजलेली घाऊक बाजारपेठ आहे. पश्चिम महाराष्ट्रातलेच नव्हे तर कर्नाटकातले दुकानदारही तिथून माल उचलतात. ज्या जागी पोलिश बायांनी भाव करायला शिकून घेतलं, तिथे आता भाव ठरतो.

आपण मराठी माणसांनी सिंध्यांना कसं वागवलं, हा भाग रीलमध्ये येणार नाही. ‘निर्वासित’ हा शब्दच शिवीसारखा वापरला गेला. कमी नफ्यावर माल विकतात, सगळा बाजार खातात, असं गावोगावी बोललं गेलं. आमच्याकडे अजूनही ‘सिंध्याच्या दुकानातून’ या शब्दांना एक सूर असतो. ‘स्वस्त मिळते, पण मोजून घेजो बे’ असा. म्हणणाऱ्यानं आयुष्यभर तिथूनच उधारीवर शाळेचे गणवेश नेलेले असतात. युरोपातून आलेला पाहुणा पाच वर्षांत गेला, त्याची आठवण गोड राहिली. सिंधी राहिला, दुकान टाकलं, पोरं शिकवली, म्हणून त्याच्याबद्दल तक्रार राहिली. गेलेल्याशी चांगलं वागणं सोपं असतंच म्हणा.

वऱ्हाड-विदर्भात यानंतरही माणसं येत राहिली. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीच्या मुलचेरा, चामोर्शी भागात, जंगल तोडून वसवली गेली. यांत मोठी संख्या नमोशूद्रांची. पश्चिम बंगालमध्ये नमोशूद्र अनुसूचित जातीत मोडतात, महाराष्ट्राच्या यादीत ते नाव नाही. त्यामुळे बंगालात राहिलेल्या चुलतभावाला जे प्रमाणपत्र मिळतं, ते मुलचेऱ्यात जन्मलेल्याला मिळत नाही. जमीन मिळाली, मतदान मिळालं, गावांना बंगाली नावं आली, पण हा एक कागद दोन पिढ्या मागूनही मिळालेला नाही.

आणि तिबेटी. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२पासून नोरग्यालिंग ही तिबेटी वसाहत आहे. शेती, मठ, शाळा, दवाखाना, आणि कारभार बघायला धरमशालेहून नेमलेला अधिकारी. वळिवड्याशी याचं साम्य लगेच लक्षात येतं. इथेही पाठीशी एक परागंदा सरकार आहे, इथेही मुलं आपल्या भाषेत शिकतात, इथेही परत जायचं आहे असं धरून सगळं चाललंय. फरक इतकाच की वळिवड्यानं पाच वर्षं वाट पाहिली आणि गोठणगावानं पन्नास वर्षं केव्हाच ओलांडली. थंडी सुरू झाली की तिबेटी कुटुंबं शहराशहरांत स्वेटरची दुकानं लावतात. तुम्ही नागपूर, अमरावती किंवा अकोल्यात वाढला असाल तर तुमचा एखादा स्वेटर नक्की तिथला. माल लुधियान्याच्या व्यापाऱ्यांकडून उधारीवर उचलायचा आणि हंगाम संपला की फेडायचा, असा हा व्यवहार तोंडी विश्वासावर वर्षानुवर्षं चालत आला आहे. त्यासाठी कुठल्या संस्थेनं योजना आखली नव्हती.

तिबेट्यांकडे आधार मिळू शकतं, पण त्यांचा खरा कागद म्हणजे परदेशी नागरिक म्हणून केलेल्या नोंदणीचं प्रमाणपत्र. ते ठरावीक मुदतीनं नवं करावं लागतं. नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानं भारतीय ठरते, आणि हे तिबेट्यांनाही लागू आहे असं उच्च न्यायालयांनी सांगितलं आहे. त्यानंतर जन्मलेल्याचे आई किंवा वडील भारतीय असावे लागतात. म्हणजे समजा गोठणगावात एका घरात मोठी बहीण १९८६ची आणि धाकटा भाऊ १९८८चा असेल, तर ती पासपोर्टसाठी अर्ज करू शकते आणि तो परदेशी म्हणून नोंदणी नवी करायला जातो. नोव्हेंबर आला की दोघं एकाच दुकानात लुधियान्याचे तेच स्वेटर लावतात.